मैदानाचा दर

पडदा काळा झाला तेव्हा तात्या वाक्याच्या मध्यावर होते.

"शेळके पुन्हा मध्यरेषा ओलांडतोय, डावा पाय पुढे, नजर कोपऱ्यावर, रायगडला एकच गुण हवाय आणि..."

समोरचा टीव्ही विझला. मी वाकून मागची वायर हलवून पाहिली. काही झालं नाही.

तात्या खुटवड आणि मी महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, काचेच्या बंद खोलीत बसलो होतो. कबड्डीचा उपांत्य सामना सोलापुरात चालला होता. तिथलं चित्र आमच्या वाहिनीच्या नियंत्रण कक्षात येत होतं, तिथून घराघरांत जात होतं, आणि त्यातलाच एक फाटा आमच्या खोलीतल्या टीव्हीला दिलेला होता. तेवढा फाटा तुटला होता. सगळ्या महाराष्ट्राला शेळके दिसत होता. आम्हाला दिसत नव्हता.

हेडफोनमध्ये सबनीस बोलले. ते वाहिनीच्या मराठी विभागाचे प्रमुख. "तात्या, तुमचा पडदा गेलाय, कळलंय. माणूस पाठवलाय. बोलत राहा, थांबू नका."

मी माझा माइक बंद केला, तात्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली. त्यांनी हात झटकला. डोळे मिटले. हेडफोनमधली गर्दी एकदम उसळली आणि तात्या खुर्चीवरून उठले.

"पकडला. पकडला, मंडळी. डाव्या कोपऱ्यानं घोटा धरला, वरून दोघं पडले, शेळके मध्यरेषेकडे हात लांबवतोय, वीतभर अंतर राहिलंय, पण नाही, नाही पोहोचत. सोलापूरनं सामना राखला. इथे मैदानात एकही माणूस खुर्चीवर बसलेला नाही."

तेवढ्यात पडदा परत आला. शेळके दोन बोटं वर करून स्वतःच्या अंगणात चालत होता. सोलापूरचे खेळाडू पंचांभोवती गोळा झाले होते. प्रेक्षक खरोखरच उभे होते, पण रागाने. गर्दी उसळली होती ती पकड झाली म्हणून नव्हे, सुटली म्हणून. हेडफोनमधून राग आणि आनंद सारखेच ऐकू येतात.

तात्या थांबले. मग म्हणाले, "आणि पंचांनी निर्णय फिरवलाय."

पंचांनी काहीही फिरवलं नव्हतं.

सामना संपल्यावर त्यांनी हेडफोन टेबलावर टाकला. "तू का गप्प बसलीस?"

"मला दिसत नव्हतं."

"मला दिसत होतं का?"

"म्हणूनच."

"शुभदाबाई, ही तुझी प्रयोगशाळा नाही. इथे गप्प बसायचे पैसे मिळत नाहीत."

"निर्णय फिरवला, असं तरी म्हणायला नको होतं. त्या पंचांना लोक रस्त्यात अडवतील."

"पंचांना शिव्या खायची सवय असते," तात्या म्हणाले. खिशातून कंगवा काढून त्यांनी काचेत बघत केस मागे वळवले. "तुला एवढं वाईट वाटत असेल तर पुढच्या सामन्यात एकटी बोल. अर्ध्या तासात लोक झोपतील. सोय होईल त्यांची."

खोलीतून बोलणाऱ्याने 'इथे मैदानात' म्हणायचं, असा आमच्याकडे रिवाज होता. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत. हवेबद्दल बोला, गर्दीबद्दल बोला, खेळाडू जवळून जातोय असं सांगा. लिहून मात्र कुणी काही देत नसे. मी भौतिकशास्त्र शिकून आलेली, विद्यापीठाकडून लांब उडी मारणारी. मला ते शब्द उच्चारायला पहिले काही महिने जड गेले. मग गेले नाहीत.

दर दोन होते. मैदानावर जाऊन बोलणाऱ्याला मैदानाचा दर, खोलीतून बोलणाऱ्याला खोलीचा, आणि खोलीचा दर मैदानाच्या निम्मा. मराठीत आम्ही दहाजण होतो आणि दहाही खोलीतले. करार एका मोसमाचा, तोही एका एजन्सीमार्फत. मार्च संपला की आपण नोकरीत आहोत की नाही, हे फोन वाजेपर्यंत कळत नसे. त्या वर्षी नऊजणांनी मिळून अर्ज दिला होता. मैदानात आहोत असं म्हणायला लावता, तर मैदानाचा दर द्या, आणि करार तीन वर्षांचा करा. मजकूर माझा होता. दहावे तात्या. त्यांनी सही केली नाही.

"मला मैदानाचा दर खोलीतच मिळतो," ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. "माझ्या आवाजाला मिळतो. तुम्ही आधी आवाज आणा."

मिळत होता, हे खरं होतं.

सोमवारी कॅन्टीनमध्ये तो तुकडा प्रत्येकाच्या फोनवर होता. चित्रात शेळके गुण घेऊन परत येतोय आणि मागे तात्या त्याला पकडतायत. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'काका कुठला सामना बघतायत?' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'काकांनी चढवली वाटतं.' तात्या सुपारीसुद्धा खात नसत.

नाझनीन मुल्ला माझ्यासमोर येऊन बसली. मिरजेची, हॉकीवर बोलायची. "काल मी भुवनेश्वरला होते," वडा मोडत ती म्हणाली. "फार उकाडा होता म्हणे. मीच सांगितलं लोकांना. इथे एसीनं माझे दात वाजत होते."

"मला सबनीसांनी बोलावलंय."

"तात्यांवर ढकलणार असतील. ढकलू देत. माझ्या पहिल्याच सामन्यात हा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, 'हिला गोल झालेला कळायला वेळ लागतो, तोवर दुसरा होतो.'"

"पडदा गेला होता, नाझनीन."

"तुला माहितीय, मला माहितीय. आणि ज्यानं वायर जोडली त्याला." तिने आवाज खाली आणला. "हे बघ, एप्रिलात मला फोन आला नाही तर मी मिरजेला जाऊन शिकवण्या घेणार. हॉकीच्या नाही, दहावीच्या. तू आत जाऊन काय बोलायचं ते बोल, पण आपला अर्ज विचार. तेवढा विचार."

सबनीसांनी केबिनचं दार स्वतः उठून लावलं.

"बस. तू सायन्सची, तुझ्याशी बोलणं सोपं असतं. पाइपवाले खवळलेत."

कबड्डीच्या प्रक्षेपणाचं नाव एका पाइप कंपनीने विकत घेतलं होतं. प्रत्येक सामन्याआधी कंपनीच्या नावासकट 'थेट मैदानावरून' अशी अक्षरं झळकत.

"त्यांचा कर्णावट बुधवारी येतोय," सबनीस म्हणाले. "पंचांच्या संघटनेनं त्यांना नोटीस पाठवलीय. नाव त्यांचं आहे ना वर. त्याला दोन वाक्यं सांगायची. तात्या सोलापुरात होते, वय झालंय, चूक झाली. तू इथे स्टुडिओत होतीस आणि त्यांचा आवाज सोलापूरहून येत होता."

"तात्या माझ्या शेजारी बसले होते."

"शेजारी म्हणजे काय, शुभदा? हेडफोन लावला की सगळेच शेजारी असतात."

सबनीसांना शांतता चालत नसे. त्यांनी पेपरवेट थोडा सरकवला. "एप्रिलपासून डेस्कची प्रमुख तू. एजन्सी नाही, कंपनीचा करार. तीन वर्षांचा."

"आणि अर्ज?"

"कसला अर्ज? मैदानावर असतो त्याला मैदानाचा दर मिळतो. तुम्ही खोलीत असता."

"मैदानात आहोत असं म्हणायला तुम्हीच सांगता."

"मी? कुठे लिहिलंय?" ते हसले. "तुझा करार एकतीस मार्चला संपतो, ते मात्र लिहिलंय. आणि बाकीच्या आठजणांचाही. कर्णावटला कळलं की इथून कुणीच मैदानावर जात नाही, तर तो पैसे काढून घेईल, आणि मग कसला दर आणि कसला मोसम."

"किंवा माणसं मैदानावर पाठवा म्हणेल."

सबनीसांचं हसू गेलं.

"तात्यांचं काय होईल?" मी विचारलं.

"तुला तात्यांची काळजी? दिवाळीत ते इथेच, या खुर्चीत बसले होते. ह्या बाईला काढा म्हणाले. ही बोलते ते ताप मोजल्यासारखं वाटतं म्हणाले. मी ठेवली तुला. विचार कर."

केबिनमधून मी थेट साठवणीच्या खोलीत गेले. रविवारच्या सामन्याचे आवाज तिथे अजून होते. आठवड्याने ते पुसले जात. मला हवा होता तेवढा भाग मी ऐकला आणि माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला.

बुधवारी दुपारी तात्या मला जिन्याच्या वळणावर भेटले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. ते माझीच वाट बघत होते.

"आत एकच वाक्य बोलायचंय तुला. तात्या सोलापुरात होते. पुढचं मी बघतो."

"तात्या, ते तुम्हाला घालवतायत. चूक तुमच्या डोक्यावर मारून."

"मला कोण घालवणार? मी सौदा केलाय." त्यांनी जिन्यावर वर-खाली पाहिलं. "माइक जाईल. सल्लागार म्हणून दोन वर्षं पगार चालू. बायकोच्या दवाखान्याचा विमा चालू. अठ्ठावन्नाव्या वर्षी कबड्डीवाल्याला दारात तरी कोण उभं करतं, सांग मला."

"सगळे म्हणतायत तुम्ही प्यायला होता."

"म्हणू देत. म्हणणाऱ्यांपैकी एक तरी माझ्या बायकोचं औषध आणतो का?"

"आणि बाकीचे? आपण इथून बोलतो हे कधीच कुणाला कळणार नाही मग. अर्ज तिथेच मेला."

"बाकीचे तरुण आहेत. जातील कुठेही."

"नाझनीन कुठे जाईल?"

"मिरजेला. तिथूनच आली ना."

"मी खोटं सांगणार नाही, तात्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात, त्यांच्या सामन्याच्या आवाजाहून निराळ्या आवाजात म्हणाले, "सात वर्षं इथे मैदानात, इथे मैदानात म्हणत आलीस. ते काय होतं गं? तेव्हा पगार घेताना तुझा हात लुळा पडला नाही." ते एक पायरी खाली आले. "तू तोंड उघडलंस तर माझी दोन वर्षं जातात. सबनीस नाही घालवणार. तू घालवणार. एवढं ध्यानात ठेवून आत ये."

बैठकीच्या खोलीत सबनीस होते आणि कर्णावट. कर्णावट चाळिशीचे, ठेंगणे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले. त्यांनी चहा बाजूला सारला होता.

"मी जळगावचा," ते म्हणाले. "कॉलेजात कबड्डी खेळलोय. तेव्हा मला गुंडाळू नका. खुटवडसाहेब, मी तुम्हाला शाळेत असल्यापासून रेडिओवर ऐकतोय. तुम्हाला पकड सुटलेली दिसली नाही?"

तात्यांनी हात टेबलावर ठेवले.

"साहेब, मी उत्तरेच्या दारानं आत गेलो. दाराशी शेंगा विकणारी बाई बसली होती, तिच्या पाटीला पोलिसाचा पाय लागला म्हणून तिची आणि त्याची जुंपली होती. आत शिरलो तर मलमाचा वास. तुम्ही खेळलायत, तुम्हाला सांगायला नको, तो वास नाकात गेला की गुडघे आपोआप वाकतात. पत्र्याचं छप्पर, वर ऊन, आणि वरच्या बाकांवर हलगीवाले. पहिल्या ओळीत एक म्हातारा पैलवान, पटका मांडीवर काढून ठेवलेला, प्रत्येक चढाईला तो पटका मुठीत आवळायचा. शेळके माझ्यापासून या भिंतीएवढ्या अंतरावर होता. त्याच्या डाव्या गुडघ्याची चिकटपट्टी सुटलेली, तो ती दर चढाईआधी दाबायचा. शेवटच्या चढाईला त्यानं दाबली नाही. मी मनात म्हटलं, घाईत आहे, पकडला जाणार. आणि नेमका तो मघाचा पोलीस लोकांना मागे रेटायला माझ्यासमोर आडवा आला. लोक उठले. मला वाटलं, झाली पकड." त्यांनी मान खाली घातली. "झाली नव्हती. डोळ्यांनी दगा दिला, साहेब. वय झालं."

मी रविवारी दुपारभर त्यांच्या शेजारी बसले होते, आणि तरीही मला तो पटका दिसला.

कर्णावटांचा चेहरा सैल झाला होता. "होतं," ते म्हणाले. "आडवा आला की होतं." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही त्यांच्या जोडीला बोलत होता ना, मॅडम? तुमचं काय म्हणणं?"

"तात्या माझ्या शेजारी होते," मी म्हणाले. "या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. आमचा पडदा बंद पडला होता. आम्ही कुणीच मैदानावर जात नाही. या मोसमात कुणीही गेलेलं नाही."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सबनीस आधी हसले.

"कर्णावटजी, मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. या बाईंनी दरवाढीचा अर्ज दिलाय. आम्ही मान्य केला नाही. तो राग आहे हा."

"अर्ज दिलाय," मी म्हणाले. "दराचं भांडण आहेच. पण तात्या कुठे होते, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तपासता येतो."

"कसा?" कर्णावटांनी विचारलं.

"लोक घरी जे ऐकतात त्यात तीन आवाज मिसळलेले असतात. मैदानावरच्या माइकांचा, तात्यांच्या माइकचा आणि माझ्या. आमच्याकडे ते तिन्ही वेगवेगळे साठवलेले असतात. तात्या त्या हॉलमध्ये असतील, तर त्यांच्या एकट्याच्या माइकमध्येही गर्दी ऐकू आली पाहिजे. कोणता आवाज घ्यायचा आणि कोणता नाही, हे माइक ठरवू शकत नाही."

"बाहेरचा आवाज कापणारे माइक आहेत आपले," सबनीस पटकन म्हणाले.

"कमी होतो. नाहीसा होत नाही. आणि झालाच, तर सगळाच झाला पाहिजे. एसीचा आवाज राहिला आणि पाच हजार माणसांचा गेला, असं होत नाही."

"याची काही गरज नाही," सबनीस उठत म्हणाले.

"मला आहे," कर्णावट म्हणाले. "लावा हो तुम्ही."

मी लॅपटॉप उघडला. तात्या म्हणाले, "शुभदा." नुसतं नाव, बाई न लावता. मी लावलं.

आधी एसीची घरघर आली. मग एक माणूस बंद खोलीत बोलू लागला. शेळके मध्यरेषा ओलांडतोय, तो म्हणाला, आणि त्याच्या श्वासाची शीळ ऐकू आली. सामन्यात ती कधी ऐकू येत नसे. खाली गर्दी नव्हती, हलगी नव्हती, काही नव्हतं. तो थांबला की खोली थांबत होती. त्या शांततेत एक बारीक, पत्र्यासारखा आवाज उमटला. तात्यांच्या हेडफोनमधून निसटून त्यांच्याच माइकमध्ये शिरलेला. "तात्या, तुमचा पडदा गेलाय, कळलंय. माणूस पाठवलाय. बोलत राहा, थांबू नका."

कर्णावटांनी सबनीसांकडे पाहिलं. सबनीस खिडकीकडे बघत होते.

मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, आणि तो माणूस ओरडू लागला. पकडला, पकडला मंडळी. आवाज भिंतींना आपटून लगेच परत येत होता. वीतभर अंतर राहिलंय, तो म्हणाला, आणि त्याला खोकला आला, तो त्याने गिळला. इथे मैदानात एकही माणूस खुर्चीवर बसलेला नाही, असं तो त्या रिकाम्या खोलीला सांगत होता. कर्णावटांनी नजर टेबलावर नेली. मलाही तात्यांकडे बघवलं नाही. तात्या मात्र पडद्यावरच्या आवाजाच्या हलत्या रेघेकडे शेवटपर्यंत बघत होते.

"आणि पंचांनी निर्णय फिरवलाय," रेघ म्हणाली, आणि मी बंद केलं.

"सबनीस," कर्णावट म्हणाले, "त्या पंचाची माफी उद्या वाहिनीवरून जाईल, कंपनीच्या नावानं नाही, तुमच्या नावानं. आणि पुढच्या मोसमात माणसं मैदानावर बसलेली दिसली पाहिजेत. माणसांची नावं आणि मैदानाचा दर करारात लिहा, त्याची प्रत माझ्याकडे पाठवा. नाहीतर आमचं नाव काढा." ते उठले. दारापाशी त्यांना काहीतरी आठवलं. "खुटवडसाहेब, तो पटक्याचा म्हातारा?"

"असतो," तात्या म्हणाले. "प्रत्येक सामन्याला असतो कुणीतरी."

सबनीस मला बाहेर व्हरांड्यात भेटले. "आठ करार द्यावे लागणार मला, मैदानाच्या दराचे. तो कागदावर मागतोय. नववा द्यायची माझ्यावर सक्ती नाही. एकतीसनंतर तुझं कार्ड दाराला चालणार नाही."

"आणि तात्यांचं सल्लागारपद?"

"कसलं सल्लागारपद?" ते म्हणाले. "कुठे लिहिलंय?"

ते आठ करार खरंच झाले. नाझनीन अजूनही भुवनेश्वरहून बोलते, आणि उकाडा आहे म्हणाली तर तिथे उकाडा असतो. मी वाशीतल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. हे सगळं पुढचं. त्या दुपारी मी माझ्या टेबलावरची पुस्तकं पिशवीत भरली आणि लिफ्टपाशी आले तेव्हा तात्या तिथे उभे होते. हातात काही नव्हतं. इतकी वर्षं त्या इमारतीत बसून त्यांनी तिथे काहीच ठेवलेलं नसावं.

"माझा आवाज असा आजवर कुणी ऐकला नव्हता," ते म्हणाले. "मीसुद्धा. नागडा."

मी पिशवी खाली ठेवली.

"सबनीसचं वाक्य तेवढं ऐकवायचंस. काम झालं असतं तुझं. पुढचं सगळं कशाला ऐकवलंस?"

"मधेच तोडलं असतं तर ते म्हणाले असते, काटछाट करून आणलंय."

"बरोबर," तात्या म्हणाले. "तुझं नेहमी बरोबरच असतं. म्हणून तुझ्याशेजारी बसवत नाही कुणाला." त्यांनी लिफ्टचं बटण पुन्हा एकदा दाबलं. "सबनीस काय म्हणाला?"

"आठ करार. मैदानाच्या दराने."

"आठ?"

"माझा नाही. आणि तुमचंही काही लिहिलेलं नाही म्हणाले."

ते हसले. ते माझ्याबरोबर कधीच हसत नसत, माझ्यावर हसत. आताचं हसू कसलं होतं ते मला ठरवता आलं नाही.

"म्हणजे एप्रिलपासून," ते म्हणाले, "तुझा आणि माझा दर सारखाच."

लिफ्ट आली. ते आत गेले, तळमजल्याचं बटण दाबलं आणि दार मिटेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. दार धरलं नाही. मी पिशवी उचलली आणि जिन्याने उतरले.